आरोग्यचर्चा : घोट्यावरचे हाड मोडले, सळई घालावी की पट्टी?

पावसाळा सुरू झाला की आमच्या टपालात मोडलेल्या हाडांची पत्रे वाढतात. उत्तर कानडा जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील गुंद या गावाहून एका वाचक भगिनींचे असेच पत्र आले आहे. घरची पोफळीची बाग. कोळे रोगावरच्या दुसऱ्या फवारणीसाठी बोर्डो मिश्रणाचे भांडे घेऊन यजमान बागेत उतरत होते. शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला, पाऊल दगडांत अडकले आणि अंग मात्र फिरले. घोट्याच्या वर चार बोटांवर नडगीचे हाड मोडले. कातडी फाटली नाही, एवढे दैव. एका शहरातील तज्ज्ञांनी क्ष-किरण चित्र पाहून 'पट्टी बसवू' असे सांगितले. दुसऱ्या शहरातील तज्ज्ञांनी तेच चित्र पाहून 'सळई घालू' म्हटले. भगिनी विचारतात, 'दोघेही नावाजलेले. मग चुकते आहे कोण? आणि कार्तिकात सुपारी उतरू लागेल तेव्हा हे बागेत उभे राहतील काय?'

त्यांना आम्ही लगोलग उत्तर कळविलेच. परंतु हा प्रश्न एका घरचा नाही. मोटारसायकली खेडोपाडी पोहोचल्यापासून नडगी मोडण्यास पोफळीची बाग असावीच लागते असे नाही. बडोद्याच्या वा इंदूरच्या आमच्या वाचकांवरही हा प्रसंग येतो, आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या, कागदावर सही करण्यापूर्वी पाच-दहा मिनिटांत त्यांना निर्णय घ्यावा लागतो. तेव्हा या सळई-पट्टीच्या वादात तथ्य किती, ते जरा निवांतपणे पाहू.

आरंभीच सांगतो, त्या दोन तज्ज्ञांपैकी कोणीही चुकलेले नाही.

नडगीचे हाड हे मोठे उघडेवाघडे हाड आहे. मांडीच्या हाडाभोवती चोहो बाजूंनी स्नायूंची गादी असते. नडगीच्या आतल्या अंगास मात्र गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हाड आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये कातडीवाचून काही नाही. बोट फिरवून पाहावे, हाडाचा सपाट पृष्ठभाग सरळ हातास लागतो. खाली घोट्याकडे तर पोटरीचे स्नायूही संपतात आणि त्यांच्या कंडरा तेवढ्या उरतात. रक्तपुरवठ्याचीही तीच गत. हाडाला आतून रक्त पुरविणारी मुख्य धमनी वरच्या भागात मागील बाजूने शिरते व पोकळीतून खाली येते. हाड मोडले की खालच्या तुकड्याचा हा पुरवठा तुटतो आणि हाडावरच्या पातळ आवरणातून जे काही रक्त झिरपेल त्यावर त्या तुकड्याला दिवस काढावे लागतात. म्हणून मनगट सहा आठवड्यांत जुळते, तर नडगीच्या खालच्या भागाला चार ते सहा महिने लागले तरी नवल मानू नये.

जखम होऊन हाड बाहेर आले तर पूर्वी पाय कापून टाकणे हाच सामान्य उपाय होता. १८६५ साली ग्लासगो येथे गाडीचे चाक पायावरून गेलेल्या जेम्स ग्रीनलीझ या अकरा वर्षांच्या मुलाच्या नडगीवर जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजविलेली पट्टी बांधली, जखम पिकली नाही, आणि सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळले. निर्जंतुक शस्त्रक्रियेची कथा या नडगीपासून सुरू होते, आणि जखम व जंतू यांचा विचार आजही या हाडाची पाठ सोडीत नाही.

आता सळई. जर्मनीतील कील येथील गेरहार्ड क्युंचर यांनी १९४० साली हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून ते सांधण्याची रीत आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडली, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती. आज ती सर्वत्र रूढ आहे. गुडघ्याच्या वाटीजवळ लहानशी चीर घेऊन सळई नडगीच्या पोकळीत वरून खाली सरकवितात आणि वर-खाली आडवे स्क्रू घालून ती अडकवितात, म्हणजे हाड तिच्याभोवती फिरत नाही. मोडलेली जागा उघडावी लागत नाही. तेथील कातडीला व हाडाच्या आवरणाला धक्का लागत नाही. शरीराचा भार हाडाच्या मध्यातून उतरतो आणि सळईही मध्यातच असल्याने ती तो वाटून घेते.

मग अडचण कोठे? नडगीची पोकळी मध्यभागी अरुंद असते, परंतु घोट्याकडे ती सनईच्या तोंडासारखी रुंदावते. अरुंद भागात घट्ट बसलेली सळई तेथे रुंद तोंडाच्या बरणीतल्या रवीप्रमाणे सैल पडते. खालचा तुकडा आखूड असेल तर त्यात स्क्रूंना जागाही थोडी. हात कसलेला नसेल तर तो तुकडा किंचित वाकडा बसतो आणि पाऊल आत वा बाहेर कलते. अमेरिकेतील डॉ. हेदर व्हॅलियर यांनी २०११ मध्ये १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाच अंशांहून अधिक वाकडेपणा सळईच्या गटात सुमारे २३ टक्के व पट्टीच्या गटात सुमारे ८ टक्के रुग्णांत आढळला. सळईची दुसरी तक्रार गुडघ्याची. हाड उत्तम जुळूनही कित्येकांचा गुडघ्याचा पुढचा भाग वर्षानुवर्षे दुखतो, विशेषतः गुडघे टेकताना. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या कारकुनाला हे जाणवणारही नाही. ज्यांचा निम्मा दिवस जमिनीवर उकिडवे बसण्यात किंवा गुडघे टेकून करावयाच्या कामात जातो, त्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

पट्टीचा इतिहास निराळा आहे. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही शल्यविशारदांनी एक मंडळ स्थापिले आणि पट्टी-स्क्रूंनी हाड अचूक जुळविण्याचे शास्त्र उभारले. अचूकतेच्या त्या ध्यासात आरंभीच्या काळी मोठी चीर घेऊन मोडलेली जागा संपूर्ण उघडली जाई. इतरत्र हे पचले. घोट्यावर पचले नाही. सुजलेली, रक्त गोठलेली कातडी फाडून तिच्याखाली धातू ठेवला की टाके उसवत, जखम पिके, पट्टी उघडी पडे. या शस्त्रक्रियेला जुन्या डॉक्टरांत जो बदलौकिक आहे तो त्या काळाचा. पुढे रीत सुधारली. घोट्याजवळ लहान चीर घ्यावयाची, कातडीखालून बोगद्यासारखी वाट करून पट्टी वर सरकवावयाची आणि वर दोन-तीन ठिकाणी टोचून स्क्रू घालावयाचे. स्क्रूचे डोके पट्टीच्या छिद्रातच आट्यांनी घट्ट बसेल अशी पट्टीही आली. हिला लॉकिंग प्लेट म्हणतात. हाड ठिसूळ झालेल्या वृद्धांतही ती चांगला आधार देते. खालचा तुकडा अगदी आखूड असला तरी तिला तेथे पुष्कळ स्क्रू घालता येतात. तथापि पट्टी असते कातडीच्या लगेच खाली. कृश मनुष्याच्या हातास ती लागते, बुटाची कड तिच्यावर घासते, आणि हाड जुळल्यावर 'ही काढून टाका' असे म्हणणारे बरेच निघतात.

दोन्ही बाजू अशा तुल्यबळ असल्या म्हणजे वाद नुसत्या अनुभवाच्या गोष्टींनी मिटत नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्डचे प्रा. मॅथ्यू कोस्टा व त्यांचे सहकारी यांनी म्हणून ३२१ रुग्ण घेतले आणि कोणाला सळई, कोणाला पट्टी हे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ठरविले. सांध्यात शिरलेले मोड वगळलेले होते. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. चालणे, जिना चढणे, वाकणे, ओझे उचलणे यांत किती अडचण होते ते शून्य ते शंभर अशा गुणांत मोजले. गुण अधिक म्हणजे त्रास अधिक. तीन महिन्यांनी सळईवाल्यांचे गुण सरासरी ४४ व पट्टीवाल्यांचे ५३ भरले. सहा महिन्यांनी ३० व ३४, म्हणजे निश्चयाने भेद सांगावा असा फरक उरला नाही. वर्षाने २३ व २४. पुन्हा काही ना काही शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण वर्षभरात पट्टीच्या गटात १२ टक्के व सळईच्या गटात ८ टक्के होते.

या आकड्यांपुढे आम्ही बराच वेळ थांबलो. सळई तीन महिन्यांच्या सुमारास थोडी पुढे असते व वर्षाअखेर दोघी एका ठिकाणी येतात, हे एक. पण दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. वर्ष लोटले, उत्तम रुग्णालये, उत्तम तज्ज्ञ, तरी गुण शून्यावर आले नाहीत. तेविसाच्या आसपास थबकले. ही जखम लहान नाही. 'महिन्याभरात धावू लागाल' असे जो सांगतो त्याचे बोलणे शेजाऱ्याचे धीर देणे समजावे आणि घरचा हिशेब वर्षाचा मांडावा.

म्हणून गुंदच्या भगिनींना आम्ही कळविले ते असे. मोड सांध्यापासून दूर आहे, कातडी शाबूत आहे. अशा वेळी ज्या तज्ज्ञाचा हात ज्या पद्धतीत बसलेला आहे ती पद्धत त्याच्याकडून करवून घेणे श्रेयस्कर. सळई सांगणाऱ्याकडून हट्टाने पट्टी बसवून घेण्यात शहाणपण नाही. 'असे मोड आपण वर्षातून किती करता?' हा प्रश्न नम्रपणे विचारण्यास संकोच नसावा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. सुपारीच्या हंगामाचा विचार केला तर पारडे सळईकडे किंचित झुकते, कारण तीन-साडेतीन महिन्यांचाच काळ मध्ये आहे. मात्र कार्तिकात बागेच्या कडेस काठी टेकून उभे राहून गड्यांना सांगणे निराळे आणि घोंस वाहणे निराळे. दुसऱ्याची आशा या हंगामात सोडावी.

येथवर आम्ही साध्या मोडाविषयी बोललो. उंचावरून पडल्यास, किंवा वाहनाच्या आघातात, टाच खालून वर दणकते आणि घोट्याच्या सांध्याचे छतच फुटते. या मोडाला फ्रेंच भाषेतून आलेले 'पिलॉन' असे नाव आहे. त्या शब्दाचा अर्थ खलातला बत्ता. बत्ता आदळावा आणि खल फुटावा, तसा तो प्रकार. येथे सळई-पट्टीचा वाद गौण ठरतो. पाय तासा-दोन तासांत टम्म फुगतो, कातडीवर पाण्याचे फोड येतात, आणि अशा कातडीवर सुरी चालविणे म्हणजे संकट ओढवून घेणे. म्हणून पहिल्या दिवशी हाडात बाहेरून खिळे घालून व त्यांना दांडे जोडून पाय केवळ ताणून सरळ धरतात. याला बाहेरची चौकट म्हणू. मग दहा ते एकवीस दिवस वाट पाहतात. सूज ओसरली व कातडीवर बारीक सुरकुत्या दिसू लागल्या की मुख्य शस्त्रक्रिया. १९९९ मध्ये ही दोन टप्प्यांची रीत अमेरिकेतून सविस्तर मांडली गेली आणि कातडी सडण्याचे प्रमाण पुष्कळ उतरले. आमच्या वाचकांपैकी अनेकांना हा मधला काळ जाचतो. 'नुसते निजवून ठेवले आहे, बिल वाढवीत आहेत,' असे वाटू लागते. बिलाचे आम्ही सांगू शकत नाही. पण सुरकुत्यांची वाट पाहणारा डॉक्टर घाई करणाऱ्यापेक्षा बरा, एवढे खात्रीने सांगतो.

ही बाहेरची चौकट कधी कधी तात्पुरती न राहता हाच मुख्य उपचार होतो. जखम मातीने भरली असेल, हाडाचा तुकडाच गळून गेला असेल, किंवा आधीची शस्त्रक्रिया पिकून बिघडली असेल, तर आत धातू ठेवण्याची सोय राहत नाही. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५१ च्या सुमारास पायाभोवती धातूची कडी, त्यांतून आरपार ताणलेल्या बारीक तारा आणि कड्यांना जोडणारे आट्यांचे दांडे, असे साधन घडविले. पश्चिमेला त्याची वार्ता बराच काळ नव्हती. इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी याची नडगी बर्फावरील घसरगुंडीत मोडली होती. ती नीट जुळली नाही व पाय आखूड झाला. थोर हेयरडाल यांच्या 'रा' नावेवरील सफरीत त्याच्याबरोबर एक रशियन डॉक्टर होते. त्यांच्या सांगण्यावरून तो १९८० मध्ये कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला. इटलीच्या डॉक्टरांनी त्याला तपासले व थक्क झाले. दुसऱ्या वर्षी इलिझारोव्ह यांना तेथे व्याख्यानास बोलावण्यात आले. ही विद्या पुढे आपल्याकडेही रुजली. अकोल्यास डॉ. मिलिंद चौधरी यांनी केवळ या पद्धतीला वाहिलेले केंद्र उभारले, आणि मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी कमी खर्चाची, हलकी अशी देशी चौकट सिद्ध केली. ती त्यांच्याच नावाने 'जेस' म्हणून ओळखली जाते. कड्यांची चौकट घालून महिनोन्‌महिने काढणे सुखाचे नाही. खिळ्यांच्या मुळाशी जखमा चिघळतात, रात्री कूस वळता येत नाही, आणि पाहणारे हळहळतात ते वेगळेच. पण ज्यांचा पाय जाणार असे ठरले होते अशांचे पाय तिने राखले आहेत.

साधे प्लॅस्टर अजिबात मागे पडले असेही समजू नये. हाड मोडूनही जागचे हलले नसेल तर आजही प्लॅस्टर पुरते.

गुंदसारख्या ठिकाणी खरी अडचण शस्त्रक्रियेआधीची असते. तेथून जोयडा, पुढे दांडेली आणि मग हुबळी, धारवाड वा बेळगाव. अणशी घाट उतरून कारवार. किंवा अनमोडच्या वाटेने गोव्यात बांबोळी. कोठेही जा, पावसाळ्यात घाटवाटेने काही तास सहज मोडतात, आणि दरड आली तर त्याहून अधिक. पायाचे भवितव्य बऱ्याच अंशी या तासांतच ठरते. जखम उघडी असेल तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन जितके लवकर तितके चांगले. ब्रिटनमध्ये ते शक्यतो पहिल्या तासाभरात द्यावे असा दंडक आहे. म्हणजे मोठ्या शहराची वाट धरण्यापूर्वी वाटेतील पहिल्या सरकारी दवाखान्यात थांबून ते व धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. त्यात गेलेली पंधरा मिनिटे वाया जात नाहीत. जखमेत हळद, राख, चुना, कॉफीची पूड यांपैकी काहीही भरू नये. स्वच्छ पाणी ओतून वरची माती घालवावी, धुतलेला कपडा झाकावा, बस्स. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतातील रुग्णही होते, अशा उघड्या जखमा शस्त्रक्रियेच्या वेळी साबणाने धुण्यापेक्षा साध्या मिठाच्या द्रावणाने धुतलेल्याच बऱ्या ठरल्या.

पाय हलू न देणे हे दुसरे. पोफळीची वाळलेली रुंद विरी आपल्या बागेत ढिगाने पडलेली असते. तिच्यात जुन्या धोतराची घडी घालून पाय पन्हळीत ठेवल्यासारखा ठेवावा आणि गुडघ्याच्या वरपासून पावलापर्यंत सैलसर बांधावा. बोटे उघडी राहू द्यावीत, म्हणजे त्यांचा रंग दिसतो.

'सैलसर' हा शब्द आम्ही जाणून घातला आहे. हाडवैद्याकडे जाण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे आणि साध्या मोडांत काहींना गुणही येतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण नडगीभोवतीचे स्नायू ताठ पडद्यांच्या कप्प्यांत बंद असतात. आत सूज चढत असता बाहेरून बांबूच्या कामट्या आवळल्या की त्या कप्प्यांत रक्त फिरेनासे होते आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. पाय नीट ठेवूनही वेदना वाढतच राहिली, बोटे हलविताच किंकाळी फुटू लागली, पावलाला मुंग्या येऊन ते बधिर होऊ लागले, तर मध्यरात्र असली तरी बांधणी सोडावी आणि १०८ ला फोन करून निघावे. येथे उद्याची सकाळ ही फार उशिराची असते. प्लॅस्टर घालून घरी पाठविलेल्या रोग्यासही हेच लागू.

खर्चाविषयी थोडे. कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक ही योजना २०१८ पासून आहे. शिधापत्रिका व आधार कार्ड रोग्याबरोबरच न्यावे आणि दाखल होतानाच योजनेच्या खिडकीवर विचारावे; घरी विसरलेल्या कार्डासाठी कोणाला तरी दुसऱ्या दिवशी घाट चढावा लागतो.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे संपले नाही. तंबाखूने हाड जुळण्यास विलंब होतो, हे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वारंवार दिसून आले आहे. आपण सुपारी पिकविणारे लोक. पानात तंबाखूही हवीच असे म्हणणारे घराघरांत आहेत. तिच्यातही तेच निकोटीन असते, तेव्हा निदान सहा महिने तिला रजा द्यावी. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणे हे धातूच्या निवडीइतकेच महत्त्वाचे. आणि चार महिन्यांनी क्ष-किरण चित्रात मोडाची रेघ अजून दिसते म्हणून हवालदिल होऊ नये. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सळई घातलेल्या १,२२६ रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया सुचविण्यापूर्वी सहा महिने थांबावे असा नियम पाळला होता. थांबल्याने कित्येक हाडे आपोआप जुळली व दुसरी शस्त्रक्रिया टळली. ताप, जखमेतून पाणी येणे किंवा दुखणे वाढत जाणे, अशी लक्षणे असतील तर मात्र थांबू नये.

शेवटी एक प्रश्न, जो हमखास विचारला जातो: आतला धातू काढावा काय? त्रास नसेल तर काढण्याची गरज नाही. सळई वा पट्टी जन्मभर आत राहिली तरी चालते. पट्टी टोचत असेल किंवा बुटाखाली कातडी सोलवटत असेल तर हाड पूर्ण जुळल्यावर, साधारणपणे वर्ष-दीड वर्षाने, ती काढता येते. काढल्यावर स्क्रूंची छिद्रे भरून येईपर्यंत ते हाड काही आठवडे कच्चे असते. तेवढे दिवस शिडी, झाड आणि शेवाळलेल्या पायऱ्या दुसऱ्यांवर सोपवाव्यात.